मान न हलवता श्वासाची नळी

झाडावरून पडलेला किंवा मोटारसायकलवरून फेकला गेलेला रुग्ण रुग्णालयात येतो, तेव्हा त्याच्या गळ्याभोवती कडक पट्टा बांधलेला असतो. श्वास अपुरा पडू लागला किंवा तातडीची शस्त्रक्रिया करायची झाली, तर श्वासनलिकेत नळी घालावी लागते. यालाच इंट्युबेशन म्हणतात. एरवी मिनिटभराचे हे काम अशा वेळी भूलतज्ज्ञाची कसोटी पाहते.

असे का? मानेत सात मणके असतात आणि त्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. मोडलेला मणका हलला तर मज्जारज्जू दाबला जाऊन हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. श्वास चालवणाऱ्या पडद्याच्या नसाही मानेतूनच निघतात. नेहमीच्या पद्धतीत डोके मागे झुकवून लॅरिंगोस्कोपच्या पात्याने जीभ उचलतात, म्हणजे स्वरयंत्र थेट दिसते. येथे नेमके डोके झुकवायचेच नसते.

मग उपाय कोणते? पहिला, सहायकाने दोन्ही हातांनी डोके स्थिर धरायचे, पट्ट्याचा पुढचा भाग सोडायचा आणि नेहमीच्याच लॅरिंगोस्कोपने नळी घालायची. हे झटपट होते, साधने सर्वत्र मिळतात; पण स्वरयंत्र पुष्कळदा नीट दिसत नाही.

दुसरा उपाय व्हिडिओ लॅरिंगोस्कोपचा. पात्याच्या टोकाशी कॅमेरा असल्याने वळणापलीकडचे पडद्यावर दिसते आणि जोर कमी लावावा लागतो. मात्र रक्त वा उलटी आली की कॅमेरा आंधळा होतो. कधी कधी दिसूनही नळी आत वळत नाही.

तिसरा उपाय लवचिक दुर्बिणीचा. १९६७ साली ब्रिटिश डॉक्टर पीटर मर्फी यांनी पित्तनलिका पाहण्याची दुर्बीण यासाठी वापरली. घसा बधिर करून रुग्ण जागा असतानाच हे करता येते. मान फारशी हलत नाही, शिवाय नळी घातल्यावर हातपाय हलतात का, हेही पाहता येते. पण त्याला वेळ, सराव आणि रुग्णाचे सहकार्य लागते. तडफडणाऱ्या रुग्णात ते जमत नाही.

नळी जाईनाच, तर स्वरयंत्रावर बसणारा लॅरिंजिअल मास्क प्राण वाचवतो. मात्र पोटातले अन्न फुफ्फुसात जाण्यापासून तो पूर्ण संरक्षण देत नाही.

यातली सर्वांत चांगली पद्धत कोणती? हाताशी असलेली साधने, डॉक्टरांचा सराव आणि रुग्णाची अवस्था यांवर ते ठरते. प्राणवायू मात्र क्षणभरही कमी पडता कामा नये. म्हणून ‘जागेपणी नळी कशाला?’ असे म्हणून नातेवाइकांनी अडून बसू नये. रुग्णाने शेवटचे कधी खाल्ले, कवळी आहे का, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का, हे आपणहून सांगावे.

खरी काळजी रस्त्यावरच सुरू होते. जखमीला उचलून रिक्षात कोंबू नका. डोके, मान व पाठ एका रेषेत ठेवा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.