छोट्या ट्रॅक्टरची दुसरी सुगी

डांबर संपतं तिथे टेम्पोवाला हात वर करतो. पुढे तीन खाचरं, दोन बांध आणि मग आंब्याखालचं लग्नघर. संध्याकाळी हळद. टेम्पोत जनरेटर, ट्रसचे सांगाडे, स्टेजच्या फळ्या, कनातींच्या गुंडाळ्या आणि एकेक उचलायला चार माणसं लागतील असे बेसचे बॉक्स. भिवंडी तालुक्यात, दिघाशीसारख्या भातगावात, लग्नसराईत ही अडचण कुणाला नवी नाही. मांडववाला फोन काढतो, "दादा, छोटा घेऊन या."

छोटा म्हणजे वीस-पंचवीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर. जूनच्या शेवटी चिखलणीला त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. दिवाळीनंतर भात झोडून झालं की तो पडवीशेजारी प्लास्टिक पांघरून बसतो. हप्ता मात्र बाराही महिने सुरू. तेव्हा डिसेंबर ते मे ही त्याची दुसरी सुगी: हळदी, साखरपुडे, गावदेवीच्या जत्रा, आणि खाचरं सपाट करून भरवलेले टेनिस क्रिकेटचे सामने.

गंमत अशी, की भिवंडीला अवजड माल हलवणाऱ्या यंत्रांची वाण नाही. गोदामांचा तालुका हा. फोर्कलिफ्ट आणि हायड्रा क्रेन इथे रिक्षांसारख्या दिसतात. पण फोर्कलिफ्टची चाकं लहान आणि टणक, गोदामातल्या गुळगुळीत लादीसाठी केलेली. खाचरात ती धसकटांत रुततात. हायड्राचं नुसतं अंगच दहा टनांच्या पुढे, ती बांधावर चढली तर बांधच उरत नाही. मोठा पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर ओढेल सगळं, पण दोन घरांमधल्या बोळातून वळणार कसा? म्हणजे ताकद हवी तर अंग आड येतं आणि अंग लहान करावं तर ताकद जाते. या दोहोंच्या मधली जागा छोट्याने पकडली आहे.

ही जागा त्याला योगायोगाने मिळालेली नाही. हे यंत्र मुळात भातखाचरातच वाढलं आहे. आपल्याकडे १९६३ साली महिंद्राच्या कांदिवलीच्या कारखान्याची कंपनी उभी राहिली ती अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून; त्यांचा बी-२७५ पस्तीस हॉर्सपॉवरच्या घरातला, देशावरच्या लांबरुंद रानांना शोभणारा. जपानची गोष्ट वेगळी. तिथेही आपल्यासारखीच खाचरं, अंगणाएवढी. कुबोटा कंपनीने १९६० मध्ये बसून चालवायचा लहान ट्रॅक्टर काढला, आणि १९६९ मध्ये एल-२०० हा एकवीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर अमेरिकेत नेला. तिथे तो बागबगिच्यांचा, घोड्यांच्या तबेल्यांचा गडी झाला. आपल्या बाजारात आज महिंद्राचा जिवो आहे, युवराज आहे, कुबोटाचे लहान ट्रॅक्टर आहेत, व्हीएसटीचे आहेत. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत त्यांचं नाव झालं. भातवाल्यांनी ते उशिरा घेतले, हे मला नेहमी उलटं वाटत आलं आहे.

आता जनरेटरकडे येऊ, कारण सगळी परीक्षा तिथे आहे. समजा जनरेटर दीड टनाचा आणि त्याची चाकांची गाडी अर्ध्या टनाची. एकूण दोन टन. घट्ट, सुक्या जमिनीवर ही गाडी ओढायला साधारण शंभर किलोचा जोर पुरतो. जमीन भुसभुशीत असेल तर तोच तीनशेवर जातो. वर दहा फुटाला एक फूट असा चढ आला की आणखी दोनशे. झाले पाचशे. टनभर वजनाचा, चारही चाकांना जोर असलेला ट्रॅक्टर शेतात ओढू शकतो तो आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे तेवढाच. इंजिनात जोर शिल्लक असतो, पण चाक जमीन सोडतं आणि जागच्या जागी खड्डा करतं. म्हणून जाणता चालवणारा हॉर्सपॉवर विचारत नाही. पायाने माती दाबून बघतो.

मग बांधावर दोन फळ्या टाकल्या जातात. गाडीची कडी ट्रॅक्टरच्या हुकाला लागते, पिन बसते, तिला खालून टाचणी. टाचणी हरवली म्हणून तिथे खिळा वाकवून बसवणारेही असतात. अशांना काम देऊ नये. गिअर पहिला, लो. इंजिनाचा आवाज भरून येतो, गाडी आधी जरा मागे रेलते, कडी खणकन ताणते, आणि मग सगळं लटांबर माणसाच्या चालीपेक्षा हळू सरकायला लागतं. एक पोरगा लाकडी गुटका घेऊन मागच्या चाकाशी चालतो. चाक थांबलं की गुटका आत. त्याच्याकडे कुणी बघत नाही. मी बघतो, कारण त्या घोळक्यात खरं काम तो करतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: छोट्याच्या कामात ओढणं सोपं, थांबवणं अवघड. सगळे बोलतात ओढण्याबद्दल. आपल्याकडच्या बहुतेक शेतकी ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. दोन टन मागे आणि एक टन पुढे, म्हणजे उताराला गाडीच ट्रॅक्टरला ढकलत नेते. चालवणारे म्हणतात, ट्रॉली अंगावर येते. ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं, क्लच दाबायचा नाही, न्यूट्रल तर विसरूनच जायचं. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडणारा माणूस मी पाहिला आहे. वाचलेलं डिझेल पावशेरसुद्धा नव्हतं. स्टेजच्या फळ्या मात्र खालच्या ओहोळातून वेचाव्या लागल्या.

ब्रेकचंही एक गुपित आहे. ट्रॅक्टरला उजव्या पायाशी ब्रेकचे दोन पेडल असतात, डाव्या चाकाचा एक, उजव्याचा एक. चिखलणीत एकच दाबला की ट्रॅक्टर त्या चाकावर गर्रकन वळतो, खाचराच्या कोपऱ्यात ते फार सोयीचं. पण ट्रॉली जोडून निघताना दोन्ही पेडल पट्टीने एकत्र अडकवावे लागतात. विसरलात आणि घाईत एकावरच पाय पडला, तर ट्रॅक्टर आडवा आणि ट्रॉली त्याच्या कुशीत. पावसाळाभर पट्टी सुटी ठेवायची सवय झालेली असते, त्यामुळे लग्नसराईचे पहिले दिवस जपण्याचे.

बॉक्स न्यायची रीत निराळी. मागच्या हायड्रोलिकला तीन ठिकाणी धरलेली फळी लावतात. ही तीन टोकांची जोडणी हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाने १९२०च्या दशकात नांगरासाठी घडवली. जिवो २४५ची उचल ७५० किलोची. हा आकडा ऐकून लोक फळीवर डोंगर रचतात. पण ती उचल जोडणीच्या टोकाशी मोजलेली असते. ओझं त्याच्या मागे जितकं लांब, तितकी पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग नुसतं फिरतं. शंभर-शंभर किलोचे दोन बॉक्स, पट्ट्याने आवळलेले, जमिनीपासून वीतभर उंच. तिसऱ्याला दुसरी खेप.

आणि रुतलेलं काही ओढायचं असेल तर साखळी खालच्या हुकालाच. वर, टॉपलिंकच्या म्हणजे तीन टोकांपैकी वरच्या टोकाच्या जागी साखळी बांधली की पुढची चाकं उठतात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. सावरायला एक सेकंदही मिळत नाही. स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरवर संरक्षक चौकट सक्तीची केली ती अशाच मरणांमुळे. आपल्याकडे ती चौकट आंब्याची फांदी अडते म्हणून काढून ठेवलेली दिसते.

परदेशातही मोठे सोहळे शेतातच होतात. इंग्लंडचा ग्लॅस्टनबरी महोत्सव १९७० मध्ये एका गवळ्याच्या शेतावर सुरू झाला, तिकीट एक पौंड आणि वर दूध फुकट. पाऊस लागला की तिथेही गाड्या बाहेर काढायला ट्रॅक्टरच येतो. चिखल सगळीकडे सारखाच.

क्रिकेटच्या सामन्यांनी छोट्याला आणखी काम दिलं. बांध मोडणं, धसकटं काढणं, पिचवर रूळ फिरवणं, समालोचकाचा मंच, बक्षिसाची मोटरसायकल ठेवायचा चौथरा. हौस मोठी. पण जिथून जनरेटर आला-गेला त्या चाकोरीत पुढच्या आषाढात पाणी साचतं आणि बाकी खाचर कोरडं राहतं. मोडलेला बांध जूनच्या आधी कोण घालून देणार, हे सामन्यांच्या कमिटीशी आधी बोललेलं बरं. मागून बोललं की भांडण होतं.

कागदाची गोष्ट कंटाळवाणी, तरी सांगतो. शेतकी ट्रॅक्टरची नोंदणी शेतीसाठी असते. भाड्याने माल वाहून सडकेवर अपघात झाला, तर विमा कंपनीचा पहिला प्रश्न हाच: काम कुठलं चाललं होतं?

खरा धोका मात्र परतीचा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद. मग मांडववाल्याला घाई, कारण उद्या दुसऱ्या गावात हळद. दुपारी सुक्या असलेल्या गवतावर आता दव, चालवणारा सकाळपासून उभा, उजेड मोबाइलचा. दुपारी ज्या फळ्यांवरून गाडी चढली त्याच फळ्यांवरून ती उतरवायची असते.

मांडववाल्यांना एक विनंती. जनरेटर रात्री तिथेच राहू द्या, सकाळी न्या. एक ताडपत्री आणि एक राखणदार एवढाच खर्च आहे. यजमानांनाही एक. ट्रॅक्टर अंगणात आला की पोरं मडगार्डवर चढतात. त्यांना खाली उतरवा. या ट्रॅक्टरवर बसायची जागा एकच आहे, चालवणाऱ्याची.