ब्रेक ऑइल भरलेलं आहे, पण चांगलं आहे का?

आम्ही जुन्नर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया. आज पापड-मसाल्यांबद्दल नाही, तर ते बाजारात पोचवणाऱ्या गाडीबद्दल बोलायचं आहे. गटाची गाडी असो की घरची जीप, तिच्यात आपली माणसं बसतात. म्हणून हे ऐकाच.

आमच्या गटाने एक जुनी व्हॅन घेतली आहे. तांदूळ, कडधान्यं, पापड भरून आम्ही माळशेज घाट उतरतो आणि मुरबाडवरून कल्याणला जातो. गाडी आमच्यातलीच एक चालवते. तिला आम्ही सगळ्या वहिनी म्हणतो. एका मे महिन्यात मोठी ऑर्डर होती. गाडी माल आणि बायांनी भरलेली. घाट निम्मा उतरलो आणि वहिनी म्हणाली, "अगं, ब्रेक खाली चाललाय." पेडल दाबलं की पाय थेट तळाशी जात होता. तिने भराभर पेडल दाबलं-सोडलं, गिअर खाली टाकले, हॅण्डब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला लावली. आम्ही सगळ्या गप्प.

अर्धा-पाऊण तास थांबलो आणि नवल म्हणजे ब्रेक पुन्हा नीट लागायला लागला. त्या दिवशी खालच्या गिअरमध्ये, हळूहळू, थांबत थांबत घाट उतरलो. खाली एका गॅरेजात दाखवलं. तिथला माणूस पेडल दाबून हसला. म्हणाला, "ब्रेक ठणठणीत आहे. ऑइलही भरलेलं आहे. ताई घाबरल्या असतील." वहिनीला ते फार लागलं. पण ती गप्प बसली नाही. गावाकडे आल्यावर आमच्या ओळखीच्या जुन्या मेस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ऑइल भरलंय ते दिसतंय, पण बदललं कधी?" आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नाही.

आता हे ऑइल करतं काय, ते बघू. ब्रेकचं पेडल आणि चाकं यांच्यामध्ये बारीक नळ्या असतात. त्यांत हे ऑइल भरलेलं असतं. आपण पेडल दाबतो, तो जोर ऑइलमधून चाकांपर्यंत जातो. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये पाणी भरा आणि पुढचं तोंड बोटाने बंद करा. दट्ट्या दाबला जात नाही. आता तीच सिरिंज हवेने भरून दाबा. दट्ट्या आत जातो. पातळ पदार्थ आक्रसत नाही, हवा आणि वाफ आक्रसते. ब्रेकचा सगळा भरवसा या एका गोष्टीवर आहे.

आपण त्याला ऑइल म्हणतो, पण ते इंजिन ऑइलसारखं तेल नव्हे. आपल्याकडच्या गाड्यांत सहसा असतं ते ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसंच. टाकीचं झाकण लावलेलं असलं तरी वर्षानुवर्षं थोडा थोडा ओलावा आत शिरतोच. आणि ओलावा शिरला की ऑइल लवकर उकळतं. डॉट ३ नावाचं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा नियम आहे. त्यात शंभर भागांत ३.७ भाग पाणी शिरलं, तर हीच हमी १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत.

घाटात भरलेली गाडी सारखी ब्रेकवर उतरवली की चाकांतले ब्रेक तापतात. ती उष्णता ऑइलपर्यंत पोचते, जुनं ऑइल उकळतं, नळीत वाफ होते आणि पेडल खाली जातं. गार झालं की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ब्रेक परत लागतो. म्हणून त्या गॅरेजात काहीच सापडलं नाही. वहिनी घाबरली नव्हती, ऑइल म्हातारं झालं होतं.

आपल्याला घरी काय बघता येईल? महिन्यातून एकदा गाडी सपाट जागी लावून बॉनेट उघडा. काही गाड्यांत ही टाकी दुसरीकडे असते, ती जागा मेस्त्रींना एकदा विचारून ठेवा. ब्रेक ऑइलची टाकी छोटी, प्लास्टिकची असते. तिच्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन खुणा असतात. ऑइल त्यांच्यामध्ये हवं. झाकण उगाच उघडू नका, बाहेरूनच दिसतं. उघडावंच लागलं तर आधी झाकणाभोवतीची धूळ पुसा.

पातळी हळूहळू उतरत असेल तर ब्रेकचे पॅड झिजत आलेले असू शकतात. ते तपासून घ्या, नुसतं ऑइल ओतून मोकळ्या होऊ नका. पातळी झपाट्याने उतरली किंवा चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली, तर गळती आहे. गाडी चालवू नका.

पेडलही बोलतं. पेडल कायम स्पंजासारखं लागत असेल आणि दोन-तीनदा दाबल्यावर कडक होत असेल, तर नळीत हवा असू शकते. उभ्या गाडीत, इंजिन चालू ठेवून पेडल एकसारखं दाबून धरलं आणि ते सावकाश खाली जात राहिलं, तर कुठेतरी गळती आहे किंवा आतलं रबर खराब आहे. मात्र पेडल दाबून इंजिन चालू करताना ते थोडं खाली जातं, ते बरोबर आहे.

ऑइल बदलायचं कधी? बऱ्याच गाड्यांना दर दोन वर्षांनी. नेमकं गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. गाडी कमी चालली तरी ओलावा शिरायचा थांबत नाही, म्हणून किलोमीटरबरोबर तारीखही बघायची. नवं ऑइल पारदर्शक, फिकट पिवळसर असतं. काळपट झालं तर बदलाच. पण रंग बरा दिसतो म्हणून मुदत पुढे ढकलू नका, पाणी डोळ्याला दिसत नाही.

कोणतं ऑइल, ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. तेच आणा. डॉट ५ हे सिलिकॉनचं, वेगळ्या जातीचं असतं. ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळायचं नाही. आणि अडीनडीला इंजिन ऑइल तर थेंबभरही ओतू नका, आतली रबरं फुगून ब्रेक निकामी होतात.

बदलण्याचं काम मेस्त्रीकडूनच करून घ्या, पण जवळ उभ्या राहा. सीलबंद डबा आपल्यासमोर फोडायला सांगा. टाकीतलं जुनं ऑइल काढून नवं भरतात. मग एक जण पेडल दाबून धरतो, दुसरा चाकाजवळचं निपल थोडं उघडतो. जुनं ऑइल बाहेर येतं. निपल बंद केल्यावरच पेडल सोडायचं. असं चारही चाकांना, स्वच्छ नवं ऑइल येईपर्यंत. मधे टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर हवा शिरते. नुसतं वरचं ऑइल बदललं तर चाकांजवळचं जुनं तसंच राहतं, आणि तापतं तेच. काही एबीएसच्या गाड्यांना या कामासाठी मशीन लागतं, ते आधी विचारा. शेवटी पेडल कडक लागतंय ना, ते स्वतः बसून बघा.

हे ऑइल विषारी आहे. अंगावर किंवा गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. उरलेलं पाण्याच्या बाटलीत कधीच ठेवू नका, पोरं पितील. जुनं ऑइल गटारात किंवा बांधावर ओतू नका. फोडलेला डबा पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नका, त्यातही ओलावा शिरतो.

आणि घाटात? ज्या गिअरमध्ये चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करू नका, इंजिन बंद करू नका. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदतही जाते.

आमचं ऑइल बदलायला कल्याणच्या एका फेरीच्या पेट्रोलपेक्षाही कमी पैसे लागले. आता गटाच्या वहीत हप्त्यांच्या पानाशेजारी एक पान गाडीचं आहे. त्यावर ऑइल बदलल्याची तारीख, किलोमीटर आणि पुढची तारीख लिहिलेली असते. दर महिन्याच्या बैठकीत ते पान वाचलं जातं.

मैत्रिणींनो, तुमच्या गाडीची अशी तारीख तुम्हाला सांगता येते का? येत नसेल, तर पुढच्या घाटाआधी गाडी मेस्त्रीकडे न्या. ब्रेक ठीक आहे म्हणाले, तरी बदलल्याची तारीख विचारा.