अडीचशे किलोमीटर लांबीचा एक बिट

हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींच्या जुन्या व्हीएचएफ संचावरून निघालेला एक बिट २५० किलोमीटर लांब असतो. हिशेब सरळ आहे. मजकूर पॅकेटांत बांधून पाठवणाऱ्या पॅकेट रेडिओचा रूढ वेग सेकंदाला १२०० बिट आणि रेडिओलहर धावते सेकंदाला ३ लाख किलोमीटर. म्हणजे बिटचं तोंड मुंबईहून निघून पुणं मागे टाकतं, तरी शेपूट अजून एरियलमध्येच! सेकंदाला १० कोटी बिट नेणाऱ्या लहरीत हाच बिट जेमतेम ३ मीटरचा भरतो.

आता अख्खं पॅकेट घेऊ. १९८४ साली ठरलेल्या एएक्स.२५ नियमांत एका पॅकेटमध्ये साधारणपणे २५६ बाइट मजकूर मावतो. पत्ते, तपासणीचा आकडा वगैरे धरून वर २० बाइट. एकूण २,२०८ बिट, वेळ १.८४ सेकंद. (मधे पेरावे लागणारे जादा बिट मी धरलेलेच नाहीत.) एवढ्या वेळात लहर साडेपाच लाख किलोमीटर जाते. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. व्हीएचएफ लहर सहसा आयनोस्फिअर भेदून निघून जाते, त्यामुळे वर गेलेल्या पॅकेटचं तोंड खरोखरच चंद्रापल्याड पोचलेलं असतं आणि खाली जमिनीवर त्याच पॅकेटचा शेवट अजून बोलला जात असतो. आणि मजकूर किती? देवनागरीत प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. काना-मात्रा सुट्या मोजल्या तर फक्त ८५ चिन्हं.

हे सगळं माणसाच्या बोलण्यासाठी बांधलेल्या संचावर चालतं, हे मला सर्वांत विलक्षण वाटतं. बेल २०२ या टेलिफोन मोडेमकडून घेतलेले १२०० आणि २२०० हर्ट्झचे दोन सूर आवाजाच्याच पट्ट्यात बसतात, म्हणून बिटांचे सूर करणाऱ्या मोडेमची वायर थेट माइकच्या सॉकेटात जाते. मॉन्ट्रियलच्या हॅमनी १९७८ मध्ये पॅकेट प्रसारण सुरू केलं. पुढे लोकप्रिय झालेल्या टीएनसी-२ मोडेममध्ये झेड८० प्रोसेसर होता. तो एका वेळी ६४ केबीपलीकडची मेमरी पाहूच शकत नाही.

जुन्या संचात बोलण्याचं बटण दाबलं की आतला रिले ‘टक्’ करून एरियल रिसीव्हरकडून ट्रान्समीटरकडे वळवतो, मग ट्रान्समीटर स्थिरावतो. तोवर पाठवलेले बिट वाया जातात, म्हणून मोडेमला आधी थांबायला सांगतात; ३०० मिलिसेकंद ही नेहमीची मुदत. एवढ्यात लहर पृथ्वीला दोनदा प्रदक्षिणा घालून आणखी पुढे गेली असती.

खरी परीक्षा मात्र खरखरीत असते. एक बिट चुकला की पूर्ण पॅकेट बाद. समजा हजारांत एक बिट चुकतोय, म्हणजे ९९.९ टक्के अचूकता! तरीही २,२०८ बिटांचं पॅकेट शंभरातून अकरा वेळाच धड पोचेल. मजकूर ६४ बाइटवर आणा, निम्म्याहून थोडी अधिक पॅकेटं पोचतील. जुन्या संचावर लहान पॅकेट पाठवणारा हॅम वेळ दवडत नसतो, वाचवत असतो.

या वेगाने ३ एमबीचा एक फोटो न थांबता पाठवला तर साडेपाच तास लागतील आणि ५ जीबीचा चित्रपट ३८६ दिवस. पण संकटात फोटो लागत नाही. ‘पूल वाहून गेला, ४० माणसं, औषधं हवीत’ एवढ्या निरोपाला एक सेकंदही लागत नाही, आणि वाटेत ना मोबाइलचा मनोरा लागतो, ना कुणाचा सर्व्हर. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरूनही याच १२०० बिटांच्या वेगाने, १४५.८२५ मेगाहर्ट्झवर, हॅमची पॅकेटं परत फेकली जात आली आहेत.

घरातल्या माळ्यावर असा एखादा संच धूळ खात असेल तर भंगारात देऊ नका. जवळच्या हॅम क्लबला विचारा. स्वतः वापरायचा असेल तर आधी दूरसंचार विभागाचा परवाना घ्या.