गोळीबार आणि शब्द : उरणच्या संदर्भात एक विवेचन

हिंसेचे राजकीय परिणाम किती पिढ्या टिकतात, हा प्रश्न अलीकडे अनेक देशांतील अभ्यासकांनी हाती घेतला आहे. १९४४ साली क्रिमियातून हद्दपार झालेल्या तातार कुटुंबांविषयीचा लुपू व पैसाखिन यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या कुटुंबांनी अधिक सोसले, त्यांची नातवंडे राजकारणात अधिक भाग घेतात, असे त्यात आढळून आले. हाच विषय पीएच.डी.साठी घेणाऱ्या नवी मुंबईच्या विद्यार्थ्यास मात्र इतके दूर जाण्याचे कारण नाही.

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी निश्चित करण्यात आल्या. योग्य मोबदल्यासाठी शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी दास्तान फाटा व नवघर येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. पुढे १९९० मध्ये, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण शासनाने स्वीकारले.

या घटनेचा परिणाम कोठे शोधावा? प्रथम मतपेटी आठवते. डिसेंबर १९८४ मध्ये देशभर काँग्रेसची लाट असताना कुलाबा मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील निवडून आले. परंतु ते १९७७ सालीही तेथूनच विजयी झाले होते, आणि १९८९ मध्ये ती जागा काँग्रेसचे अंतुले यांच्याकडे गेली. शिवाय जेथे संघटना मुळातच बळकट होती, तेथेच आंदोलन पेटले व तेथेच गोळी चालली. म्हणजे पुढील जागृतीचे श्रेय गोळीबारास द्यावे की पूर्वीच्या संघटनेस, हे केवळ मतांवरून ठरत नाही.

येथे भाषेचा पुरावा उपयोगी पडतो. उरणजवळच्या चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहात बळी पडलेल्यांना लोक हुतात्मे म्हणतात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हाच शब्द स्वकीय शासनाच्या गोळीने मेलेल्यांस लावला गेला, आणि १९८४ च्या मृतांनाही तोच लाभला. या शब्दात शोक तर आहेच. पण मागणी न्याय्य होती, हा दावाही आहे. ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द ‘पूरग्रस्त’, ‘दुष्काळग्रस्त’ यांच्या धर्तीवर घडलेला. तथापि पूर ओसरतो, हे बिरुद मात्र मुलांनातवंडांकडे वारशाने जाते. ‘साडेबारा टक्के’ ही शासकीय कागदावरील टक्केवारी. गावात ती जानेवारी १९८४ ची आठवण आहे. जून २०२१ मध्ये विमानतळास दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे म्हणून जे तरुण रस्त्यावर आले, त्यांचा १९८४ साली जन्मही झालेला नव्हता.

अर्थात शब्द आढळला म्हणून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. १९८४ च्या आधीचे व नंतरचे अर्ज, ठराव आणि पत्रके ताडून पाहावी लागतील. ज्या गावांची जमीन गेली पण जेथे गोळी चालली नाही, तेथील बोलणेही टिपावे लागेल. हे काम आजच केले पाहिजे. गोळीबार प्रत्यक्ष पाहिलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. कागद दप्तरात राहतील. बोलणे मात्र माणसांबरोबर जाते.