सहनशीलता म्हणजे सोसणे नव्हे

दुःख कोणाला चुकले नाही. ते का येते, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक धर्माने आपापल्या परीने शोधले. ख्रिस्ती धर्माने मात्र 'का' यापेक्षा 'कसे' या प्रश्नावर अधिक भर दिला आहे. आलेल्या दुःखाला माणसाने कसे सामोरे जावे, हा तो प्रश्न. 'नव्या करारा'त यासाठी जो मूळ ग्रीक शब्द वारंवार येतो, त्याचा धात्वर्थ 'भाराखाली टिकून राहणे' असा आहे. मराठीत आपण त्याला धीर किंवा सहनशीलता म्हणतो. पण निमूटपणे सोसणे एवढाच त्याचा अर्थ घेतला, तर त्यातील निम्मा आशय हरवतो.

संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात याची एक साखळीच मांडली आहे. संकटातून धीर, धीरातून कसाला उतरलेले शील आणि शीलातून आशा. म्हणजे धीर हा शेवट नव्हे, ती वाटेवरची एक पायरी आहे. याकोबाच्या पत्रात धीराचा आदर्श म्हणून ईयोबाचे नाव घेतले जाते. या ईयोबाने संपत्ती, मुलेबाळे आणि आरोग्य गमावले. पण तो गप्प बसला नाही. त्याने देवाशी वाद घातला, आपल्या जन्मदिवसाला दूषणे दिली. 'तुझ्याच पापाचे हे फळ' असे सांगणारे त्याचे मित्र अखेरीस देवाच्या रोषास पात्र ठरले, तक्रार करणारा ईयोब नव्हे! गेथशेमाने बागेत खुद्द येशूनेही हा प्याला टळावा, अशी प्रार्थना केली होती. तेव्हा विलाप हा श्रद्धेचा अभाव नव्हे, हे ख्रिस्ती परंपरेला प्रारंभापासून मान्य आहे.

नगरच्या मातीतील उदाहरण

या विचाराचे जिवंत उदाहरण पाहायचे, तर अहमदनगरकडे (आताच्या अहिल्यानगरकडे) वळावे लागते. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये येथे काम सुरू केले आणि 'ज्ञानोदय' हे नियतकालिकही १८४२ मध्ये येथूनच निघाले. याच नगरशी रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे आयुष्य जोडले गेले.

टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत त्यांना आप्तस्वकीय आणि समाज गमावून मोजावी लागली. परंतु त्यांचा निर्णय निदान त्यांचा स्वतःचा होता. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आले ते न मागितलेले दुःख. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या, कडक सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या स्त्रीचा पती हयात असूनही समाजाच्या लेखी तिला दुरावला होता. लहानग्या दत्तूला सांभाळत त्यांनी ताटातुटीची काही वर्षे काढली. पुढे त्या नगरला पतीकडे आल्या, तरी त्यांनी सोवळे सोडले नाही. टिळकांनीही त्यांच्यावर आपला धर्म लादला नाही. माणसामाणसांतील उच्चनीचता देवाने केलेली नाही, असे मनाला पटल्यावरच त्या बदलल्या आणि १९०० मध्ये, पतीनंतर पाच वर्षांनी, त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्यांच्या धीराची खरी परीक्षा त्या ख्रिस्ती होण्यापूर्वीच झाली होती. धीर ही एका धर्माची मिरासदारी नव्हे, हे त्यातून दिसते. पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिताना त्यांनी हे सारे विलक्षण विनोदबुद्धीने मांडले. पतीचा तापटपणा, घर वाऱ्यावर टाकून निघून जाणे, हाती आलेला पैसा वाटून टाकणे, यांतले काहीही त्यांनी लपविले नाही. आणि कडवटपणाही येऊ दिला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य, शालेय शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. भाराखाली टिकून राहणे म्हणजे काय, हे यातून स्पष्ट व्हावे.

धीर कोणी कोणाला शिकवावा?

मात्र या शिकवणीचा एक धोकाही आहे. सोसणाऱ्याला दुसऱ्याने 'धीर धर' म्हणणे सोपे असते. नगर जिल्ह्यातील गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांत बहुसंख्य कुटुंबे पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य जातींतील आहेत. धर्म बदलला म्हणून गावाने त्यांची जात विसरली नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता होता. तो १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना मिळाला, पण ख्रिस्ती झालेल्यांना आजही मिळालेला नाही. अशांना केवळ सहनशीलतेचा उपदेश करणे म्हणजे ईयोबाच्या मित्रांची भूमिका घेणे होय.

आजारपण, वियोग, मृत्यू ही अटळ दुःखे आहेत. तेथे धीर हाच आधार. पण माणसाने माणसाला दिलेले दुःख अटळ नसते. तेथे धीराचा अर्थ न्याय मागत राहणे, आणि मागताना मनात द्वेष साठू न देणे, असा होतो. ही दोन दुःखे वेगळी ओळखता येणे, हीच सहनशीलतेची पहिली अट आहे.