दीडपट ऑर्डर घेण्याआधीचा हिशेब

समजा, कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एक फाउंड्री आहे. ट्रॅक्टर आणि ट्रकच्या कारखान्यांना कास्टिंग पुरवते. वर्षाची उलाढाल ७२ कोटी, कर भरून उरणारा नफा पाच टक्के, म्हणजे ३.६ कोटी. मोठ्या गिऱ्हाइकाचा पर्चेस मॅनेजर विचारतो, ‘पुढच्या वर्षी दीडपट माल द्याल का?’ भट्टीला क्षमता आहे, एक पाळी वाढवली की भागतं. मालक हो म्हणून मोकळा होतो.

फाउंड्री काल्पनिक आहे, पण भोसरी, सातपूर, वाळूज, कुठेही जा, असा होकार देणारे भेटतील. ऑर्डर नसली की कंपनी अडचणीत येते हे कुणालाही समजतं. ऑर्डर वाढल्यामुळे ती कशी अडकते, हे मात्र कागद-पेन्सिल घेतल्याशिवाय दिसत नाही. तेव्हा हिशेब मांडूच.

पहिली पायरी दिवस मोजायची. पिग आयर्न आणि स्क्रॅप येऊन सरासरी २० दिवस यार्डात पडतं. ओतकाम, फेटलिंग, तपासणी यांत १५ दिवस जातात. तयार माल डिस्पॅचच्या वाटेवर १० दिवस. माल गेल्यापासून पैसे येईपर्यंत ७५ दिवस. एकूण १२० दिवस. कच्च्या मालाचे व्यापारी आणि बाकीचे पुरवठादार मिळून सरासरी ३० दिवसांची उधारी देतात. ते वजा केले की राहतात ९० दिवस. एवढे दिवस धंदा स्वतःच्या किंवा बँकेच्या पैशावर चालतो.

दुसरी पायरी त्या दिवसांना रुपयांनी गुणायची. ७२ कोटी म्हणजे दिवसाला २० लाखांची विक्री. नव्वद दिवसांचे १८ कोटी कायम अडकलेले. ऑर्डर दीडपट झाली की उलाढाल १०८ कोटी, दिवसाला ३० लाख, आणि अडकणारी रक्कम २७ कोटी. (इथे सगळं विक्रीच्या भावाने धरलंय, खर्चाच्या भावाने आकडा थोडा कमी येईल. निर्णयाला ढोबळ हिशेब पुरतो.) म्हणजे नवे नऊ कोटी लागणार. वाढलेल्या विक्रीवरचा नफा धरला तरी वर्षाअखेरी हातात ५.४ कोटी, तेही मालकाने घरी एक पैसा न नेता.

मग सगळे बँकेकडे बघतात. कॅश क्रेडिटची मर्यादा कितीही मंजूर असली, तरी दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून जेवढी ड्रॉइंग पॉवर निघते तेवढेच पैसे उचलता येतात. साधारण रीत अशी, की माल आणि येणी यांतून देणी वजा करायची आणि उरलेल्याच्या ७५ टक्के द्यायचे. नऊ कोटींतले पावणेसात कोटी बँक देईल, सव्वादोन कोटी मालकाने घालायचे. जमेल, असं वाटतं. पण बहुतेक बँका ९० दिवसांवरचं येणं हिशेबात धरतच नाहीत. गिऱ्हाइकाने पैसे ७५ऐवजी ९५ दिवसांनी द्यायला सुरुवात केली, तर वीस दिवसांचे सहा कोटी जादा अडकतात आणि वरच्या पाच दिवसांची दीड कोटीची बिलं ड्रॉइंग पॉवरमधून बाहेर पडतात. गरज सगळ्यात जास्त असते नेमकी तेव्हा बँकेचा हात आखडतो. यात बँकेला दोष देण्यात अर्थ नाही. तिचा नियम पहिल्या दिवसापासून कागदावर होता.

जीएसटी वेगळाच. महिन्याला नऊ कोटींची विक्री म्हणजे १८ टक्क्यांनी १.६२ कोटींचा कर. कच्च्या मालावरचं क्रेडिट वळतं करून घेता येतं, पण विजेवर आणि स्वतःच्या कामगारांच्या पगारावर जीएसटीच नाही, त्यामुळे तिथलं क्रेडिटही नाही. इंडक्शन फर्नेसच्या फाउंड्रीत वीज हा लहान खर्च नव्हे. उरलेला कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावा लागतो, गिऱ्हाइकाने बिल दिलेलं असो वा नसो. शिवाय वापर वाढला की महावितरण वाढीव सुरक्षा ठेव मागतं, ती निराळी.

आता उलट प्रश्न. बँकेकडे नवा रुपया न मागता ही कंपनी किती वेगाने वाढू शकते? नील चर्चिल आणि जॉन मलिन्स यांनी २००१ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त हा हिशेब मांडला होता आणि तो अजून शिळा झालेला नाही. आपल्या फाउंड्रीत विक्रीच्या दर नव्या रुपयामागे २५ पैसे अडकतात आणि एकूण विक्रीच्या दर रुपयामागे पाच पैसे सुटतात. पाचही पैसे धंद्यातच ठेवले तर वर्षाला २५ टक्के वाढ झेपते. निम्मे पैसे नवी यंत्रं, पॅटर्न आणि कर्जाचे हप्ते यांत गेले, तर फक्त ११ टक्के. होकार दिलाय ५० टक्क्यांना.

वाढीचे सल्ले देणारे बहुतेक जण इथून नव्या बाजारपेठेकडे वळतात. माझ्या मते आधी त्या ९० दिवसांकडे वळावं. ते ७५ वर आणले तर ७२ कोटींच्या उलाढालीवरच तीन कोटी मोकळे होतात, बिनव्याजी, तारण न देता.

दिवस कुठे गळतात ते जवळून पाहू. पीओवर लिहिलंय ४५ दिवस. माल गेटवर पोचतो, पण जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) चार-पाच दिवसांनी निघतो आणि गिऱ्हाईक घड्याळ तिथून लावतं. मधेच लाइन रिजेक्शन येतं, डेबिट नोटचा वाद लागतो आणि बारा नगांपायी अख्खं बिल होल्डवर जातं. वाद मिटतो तोवर महिन्याची पेमेंटची तारीख उलटलेली असते, की पुढचा महिना. असे ४५चे ७५ होतात. यावर मार्केटिंगचा माणूस ‘पैसे सोडा’ म्हणून विनवून काही होत नाही. रोज सकाळी कालच्या डिस्पॅचचे जीआरएन तपासणारा आणि डेबिट नोट चोवीस तासांत निकालात काढणारा एक जण नेमावा. पंचवीस-तीस हजार पगाराचा हा माणूस नव्या मशीनपेक्षा लवकर वसूल होतो.

कायद्याची मदत आहे, पण तिला कुंपण आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला त्या वर्षी मिळत नाही. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येनुसार लघु उद्योगाची हद्द १०० कोटींची उलाढाल आणि २५ कोटींची यंत्रसामग्री, निर्यातीची विक्री वगळून. आपली फाउंड्री १०८ कोटींवर गेली की मध्यम ठरते आणि ही ढाल हळूहळू सुटते. होकार देताना हे किती जणांच्या ध्यानात असतं, शंकाच आहे.

ट्रेड्स ही सोय मात्र मध्यम उद्योगालाही, म्हणजे ५०० कोटींच्या उलाढालीपर्यंत, मिळते. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणाऱ्या या मंचावर बिल चढवायचं, खरेदीदाराने ते मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि पैसे दोन-तीन दिवसांत हातात येतात. व्याजदर खरेदीदाराच्या पतीवर ठरतो आणि त्याने बिल बुडवलं तरी बँक तुमच्या मागे येत नाही. २५० कोटींवरच्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. बिल मान्य करण्याची सक्ती मात्र नाही, म्हणून ती अट पीओ घेतानाच घालून घ्यावी.

दुसरी वाट नगाला जास्त मिळवण्याची. किलोच्या भावाने कच्चं कास्टिंग विकण्याऐवजी मशिनिंग करून नगाच्या भावाने द्यायचं. नफा वाढतो, पण मशीन शॉपमध्ये माल आणखी आठ-दहा दिवस मुरतो, म्हणून हिशेब पुन्हा पहिल्या पायरीपासून करावा.

आणि पर्चेस मॅनेजरचं काय? त्याला नाही म्हणायचं नाही. पहिल्या सहा महिन्यांत १५ टक्के वाढ, पॅटर्नचा खर्च आगाऊ, पिग आयर्नचा भाव हलला की दर तिमाहीला आपोआप बदल, आणि बिलं ट्रेड्सवर, असं लेखी द्यायचं. पुढची वाढ पैसे ठरल्या दिवशी येतात का ते पाहून. बहुतेक गिऱ्हाइकं दोन अटी मान्य करतात, दोनवर घासाघीस करतात. चारही धुडकावणाऱ्या गिऱ्हाइकाचा माल कुणाच्या तरी खेळत्या भांडवलावर धावणार आहे. ते आपलं असावं का, एवढं सही करण्याआधी ठरवायचं.