विश्लेषण : फॅटी लिव्हरवरील उपचार प्लेटलेटमध्ये दडला आहे का?

डेंग्यूच्या दिवसांत घरोघरी ‘प्लेटलेट किती?’ हा प्रश्न विचारला जातो. त्या कमी झाल्या की घरच्यांना धडकी भरते. मात्र याच प्लेटलेट फॅटी लिव्हरचा आजार वाढवण्यास हातभार लावतात, असे काही संशोधनांतून समोर आले आहे. त्यामुळे त्यांना आवरून यकृत वाचवता येईल का, याचा शोध सुरू आहे.

फॅटी लिव्हर कधी धोकादायक?

यकृतात पाच टक्क्यांहून अधिक चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. मद्यपान न करणाऱ्यांनाही लठ्ठपणा आणि मधुमेहामुळे हा आजार होतो. अनेकांमध्ये तो चरबीपुरताच राहतो. काहींच्या यकृताला मात्र सूज येते, मग व्रण पडतात आणि पुढे सिरॉसिस किंवा कर्करोगापर्यंत मजल जाते. खरा धोका या सुजेत आहे.

प्लेटलेटचा संबंध काय?

जखम झाली की रक्त गोठवणे हे प्लेटलेटचे मुख्य काम. शिवाय त्या रोगप्रतिकारक पेशींना बोलावणारी रसायनेही सोडतात. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधील संशोधकांचा याविषयीचा अभ्यास २०१९ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. सूज आलेल्या यकृतात प्लेटलेट गोळा होतात, तेथील कुफर पेशींना चिकटतात आणि सूज वाढवतात, असे त्यात उंदरांमध्ये दिसले. नुसती चरबी असलेल्या यकृतात असे घडत नव्हते.

अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल ही प्लेटलेटला रोखणारी औषधे दिल्यावर उंदरांमधील सूज आणि यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण घटले. सुलिंडॅक या सूज कमी करणाऱ्या औषधाने मात्र तसा फायदा झाला नाही. म्हणजे परिणाम प्लेटलेट रोखल्यामुळेच झाला असावा. प्लेटलेटवरील ‘जीपी वन बी अल्फा’ हे प्रथिन अडवल्यावरही सूज कमी झाली. त्यामुळे पुढील औषधांसाठी हे प्रथिन संभाव्य लक्ष्य मानले जाते.

माणसांवर चाचणी झाली का?

अमेरिकेत बोस्टनमध्ये सिरॉसिस नसलेल्या ८० रुग्णांवर चाचणी झाली. त्यातील निम्म्यांना सहा महिने रोज ८१ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन आणि उरलेल्यांना औषध नसलेली गोळी दिली. मार्च २०२४ मध्ये ‘जामा’ नियतकालिकात निष्कर्ष आले. अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांच्या यकृतातील चरबी सरासरी ६.६ टक्के अंकांनी घटली, तर दुसऱ्या गटात ती ३.६ अंकांनी वाढली.

आकडे आशादायक असले, तरी रुग्ण थोडे आणि काळ कमी होता. चरबी घटली म्हणजे पुढचा सिरॉसिस किंवा कर्करोग टळला, असे यातून सिद्ध होत नाही.

मग अ‍ॅस्पिरिन सुरू करावी का?

स्वतःच्या मनाने अजिबात नाही. अ‍ॅस्पिरिनमुळे पोटात रक्तस्राव होऊ शकतो. सिरॉसिसच्या रुग्णांत अन्ननलिकेतील रक्तवाहिन्या फुगलेल्या असू शकतात आणि प्लेटलेटही आधीच घटलेल्या असतात. त्यांच्यासाठी हा धोका जिवावर बेतू शकतो. डेंग्यूचा संशय असतानाही अ‍ॅस्पिरिन टाळायला सांगितले जाते. हृदयविकारासाठी डॉक्टरांनी ती दिली असेल, तर त्यांना न विचारता बंदही करू नये.

सध्या हाती काय?

वजन पाच टक्क्यांनी घटले तरी यकृतातील चरबी कमी होऊ लागते. सात ते दहा टक्के घटल्यास सूजही ओसरू शकते. म्हणजे ८० किलो वजनाच्या व्यक्तीने साधारण सहा ते आठ किलो कमी करायला हवेत. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरोम या औषधाला सूज आणि व्रण असलेल्या रुग्णांसाठी मान्यता मिळाली, पण ते प्लेटलेटवर काम करत नाही.

प्लेटलेटचा एक उपयोग मात्र आजच होतो. वय, यकृताच्या दोन चाचण्या (एएसटी, एएलटी) आणि प्लेटलेटची संख्या यांवरून ‘फिब-४’ हा अंक काढतात. यकृतात व्रण पडल्याची शक्यता किती, याचा अंदाज त्यातून येतो. सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर’ लिहिलेले असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना हा अंक जरूर विचारावा.